चादरीखालचे दोन स्पीकर

दीड वर्ष मी माझ्या मुलीच्या घरी गेलो नाही. कारण काय, तर एक चादर. फुलाफुलांची, धुऊन धुऊन विटलेली, दोन स्पीकरांवर टाकलेली. मुलगी काटोलला असते आणि मी नागपुरात, जरीपटक्याच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांत. बसनं जेमतेम दोन तास लागतात. तेवढं अंतर मला दीड वर्ष कापता आलं नाही, कारण मी रुसलो होतो. या वयात माणसानं रुसावं का? रुसू नये. पण मी रुसलो होतो, आणि ती चादर कोणी टाकली, काहून टाकली, हे विचारायचीही माझी तयारी नव्हती. उत्तर मला माहीत आहे असंच मी धरून चाललो होतो.

लिहायला बसलं की हात शाळेतली मराठी लिहितो, बोलताना तोंडात घरची येते. दोन्ही माझ्याच आहेत, तेव्हा जशी येईल तशी येऊ देतो.

आधी माझ्या कानांबद्दल सांगितलं पाहिजे. मला माझ्या कानांचा माज होता. दुसरा शब्द नाही. तीस वर्षं मी कामठीला पावरलूमच्या शेडमध्ये जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. एका पत्र्याखाली चोवीस लूम, सगळे एकदम चालू. नवखा माणूस दारातूनच कानावर हात ठेवून परत फिरायचा. आणि मी त्या गदारोळात मधल्या वाटेनं चालता चालता सांगायचो की सातव्या लूमचा धोटा पोचायला उशीर करून राहिला आहे. धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडाचा तुकडा. तो जरा मागे पडला की कापड बिघडलंच. लोक जाऊन पाहायचे, तर खरंच. विणणारा कधी म्हणाला, की लूमच खराब आहे जी, तर मी उभ्या उभ्या ऐकून सांगायचो, लूम ठीक आहे, तुझा हात खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडं. ही म्हण त्या शेडमध्ये माझ्याइतकी कोणी वापरली नसेल.

अशा शेडमध्ये कोणी ओरडून बोलत नाही. ओरडून उपयोगच नसतो. माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. शिवाय हाताच्या खुणा असतात. मूठ वर केली की थांबव. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा आला. आणि तळहात छातीवर आडवा ठेवला की ‘जमलं, आता हात लावू नको’. ही शेवटची खूण खास जॉबरसाठी होती. जॉबर लोकांना एक रोग असतो, चालू असलेलं यंत्र आणखी चांगलं चालावं म्हणून ते पाना फिरवत राहतात आणि शेवटी बिघडवून ठेवतात. म्हणून विणणारा वेळेवर छातीवर हात ठेवायचा, की पुरे बाबा, निघ आता.

माझी मुलगी सुट्ट्यांच्या दिवसांत तिच्या आईसोबत डबा घेऊन शेडवर यायची. कापडाच्या गाठोड्यावर बसून राहायची आणि पाहायची. महिनाभरात तिला सगळ्या खुणा आल्या. मग घरी जेवताना आम्ही दोघं खुणांनीच बोलायचो. भाजी वाढायला आई वाकली की पोरगी मूठ वर करायची, म्हणजे थांबव, कारली आहेत. मी तोंडात घास असताना ओठ हलवून उत्तर द्यायचो. बायको वैतागायची. “काय चालू आहे वं तुमचं बाप-लेकीचं? घरात तरी तोंडानं बोला,” म्हणायची. तिला वाटायचं आम्ही तिचीच टिंगल करतो. कधी कधी करतही होतो.

पुढे शेड बंद पडली. मुलीचं लग्न होऊन ती काटोलला गेली, तिथल्या दवाखान्यात नर्स झाली. मग बायको गेली. तीस वर्षं गदारोळात काढलेल्या माणसाला शांत घर खायला उठतं. मी पंखा लावून ठेवायचो, थंडीतसुद्धा, नुसता आवाजासाठी. शेजारी भले आहेत, पण दार लावून घेणारे आहेत. आठवडा आठवडा माझ्या तोंडून दूधवाल्याशी, भाजीवालीशी आणि फोनवर मुलीशी सोडून शब्द निघत नसे. आणि दुरुस्त करायला काही नव्हतं, हे सगळ्यात वाईट.

म्हणून मी स्पीकर घेतले. बाजारातले सगळ्यात हलके, कमरेएवढे उंच दोन खोके, आतमध्ये भुशाच्या पाट्या आणि वरून लाकडासारखा दिसणारा कागद. ऐकण्यासाठी कमी आणि उघडण्यासाठी जास्त घेतले असं म्हटलं तरी चालेल. पहिल्याच दिवशी मी बोटाच्या पेरांनी खोक्यावर टकटक केलं. ढब ढब वाजला. मनात म्हटलं, हा खोका स्वतःच गाणं म्हणून राहिला, यातून गाणाऱ्याचा आवाज काय डोंबल निघेल?

मग मी कामाला लागलो. आतून दोन भिंतींच्या मध्ये सागाची पट्टी ठोकून बसवली, म्हणजे भिंती थरथरायच्या बंद. सांध्यांतून हवा सुटत होती, तिथे लाकडाचा भुसा गोंदात कालवून भरला. शेड बंद झाली त्या दिवशी मी सुताच्या वेस्टचं, म्हणजे तुटक्या धाग्यांच्या गुंत्याचं, एक पोतं घरी आणलं होतं, काहून आणलं ते मलाही माहीत नव्हतं. ते आता पिंजून खोक्यात भरलं. धाग्यासारख्या बारीक वायरी काढून जाड टाकल्या. आणि आवाज खरंच सुधारला. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. तबल्याचा डग्गा आधी पिठाच्या डब्यासारखा वाजायचा, तो आता डग्ग्यासारखा वाजायला लागला. तिथेच कोणीतरी माझ्यासमोर छातीवर तळहात ठेवायला पाहिजे होता. पण घरात कोण होतं?

मी ट्विटरकडे वळलो. ट्विटर म्हणजे वरचा लहान स्पीकर, बारीक आणि तिखट आवाज काढणारा. टाळ, बांगड्या, बासरीतली फुंकर, गाणाऱ्याच्या तोंडातला स आणि श, हे सगळं तो देतो. मला हे कमी वाटायला लागलं होतं. आवाजावर कोणी गोधडी टाकली आहे असं वाटायचं. उघडून पाहिलं तर ट्विटरच्या वाटेत एक रेझिस्टन्स लावलेला, त्याचा आवाज दाबण्यासाठी. म्हटलं, हाच तो चोर. काढून टाकला. चार महिने बरं वाटलं, मग पुन्हा गोधडी. ट्विटरला किती आवाज सोडायचा ते ठरवणारा कंडेन्सर बदलून मोठा टाकला. पुन्हा चार महिने. मग एका खोक्यात दोन दोन ट्विटर बसवले. दरवेळी मी म्हणायचो, स्वस्त माल आहे, लवकर थकतो. कान थकतात, हे माझ्या मनाला शिवलं नाही. ज्या कानांनी चोवीसातला एक लूम ओळखला, ते कान थकतील कसे?

माझ्या एकटेपणाची खरी गोची ही होती. दुसरं कोणी घरात असतं तर पहिल्याच दिवशी ओरडलं असतं. माझ्याकडे दुसरा कानच नव्हता.

त्याच काळात लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. निदान मला तसं वाटायचं. समोर उभे असले की नीट बोलत, पाठ फिरवली की पुटपुटत. फोनवर तर विचारूच नका. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. तिचा आवाज यायचा, पण शब्द यायचे नाहीत, नुसता उं उं. आधी मी म्हणायचो, “नीट बोल वं, काय पुटपुटून राहिली?” ती मोठ्यानं बोलायची, तरी तसंच. मग मी विचारायचं सोडलं. हो, हो, बरं, असं म्हणत राहायचो. मनात यायचं, बापाशी बोलायलाच हिच्याजवळ काही उरलं नाही, म्हणून कर्तव्य म्हणून पुटपुटते आणि ठेवून देते. हे वाटून मला फार वाईट वाटायचं. फोन ठेवल्यावर मी स्पीकर लावायचो.

काटोलला त्यांनी नवं घर घेतलं, तेव्हा मी ठरवलं की स्पीकर तिला द्यायचे. माझ्याजवळ द्यायला तेवढंच होतं ज्याच्यात माझे हात होते. त्या महिन्यात मी ते पुन्हा उघडले, आतून बाहेरून साफ केले, वरचा कागद काढून पाट्यांवर पॉलिश मारलं. संत्र्यांच्या मोसमात काटोलहून नागपूरला माल घेऊन येणारी गाडी परत रिकामी जाते, त्या गाडीत मागे बसून, दोन्ही खोके मांडीला टेकवून घेऊन गेलो. जावयानं उचलून आत नेले. मी वायरी जोडल्या, गाणं लावलं. सगळे उभे राहून ऐकत होते. मुलगी हसली. “छान आहे बाबा,” म्हणाली. दोन वर्षांची नात आतल्या खोलीत पळून गेली. मला वाटलं, मला पाहून लाजली.

अडीच महिन्यांनी मी न कळवता गेलो. खरं सांगायचं तर करमत नव्हतं म्हणून गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून गाण्याचा आवाज येत होता, फ्रिजवर ठेवलेल्या तळहाताएवढ्या डबीतून. आणि बैठकीत माझे दोन्ही खोके कोपऱ्यात सरकवलेले, त्यांच्यावर ती चादर, आणि चादरीवर घडी घातलेले कपडे. वायरी काढून गुंडाळून ठेवलेल्या.

तोंडात मारल्यासारखं झालं. ती बाहेर आली, चादर पाहिली, मला पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. मी चहा घेतला. नातीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. जेवायला थांबा म्हणाली, तर म्हटलं, काम आहे. नागपुरात मला काय काम होतं? संध्याकाळच्या बसनं परत आलो. खिडकीत बसून मनात म्हणत होतो, की बापाची मेहनत तुला अडगळ झाली, ठीक आहे. बाजारातली डबी तुला गोड लागते, ठीक आहे. बाप पण अडगळच आहे मग.

त्यानंतर दीड वर्ष. फोन येत राहिले. “येऊन जा ना बाबा,” एवढं मला दरवेळी कळायचं, कारण ते ती रोजच म्हणायची. मी म्हणायचो, पाहू. ती दोनदा नागपूरला आली, नातीला घेऊन. समोर बसली की तिचं सगळं बोलणं मला कळायचं, एक शब्द चुकायचा नाही. पण स्पीकरचा विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही. दोघंही चादर टाकून बसलो होतो म्हणा.

मी माझ्यासाठी दुसरी जोडी बनवायला घेतली. या वेळी दाखवूनच देतो, असा इरादा होता. जरीपटक्याच्या बाजारात एक जुनं दुकान आहे, स्पीकरचं सुटं सामान मिळतं. मालक माझ्याच वयाचा, सिंधी, हिंदी बोलतो आणि मधूनच आपलं मराठी. त्याच्याकडून मी चार ट्विटर आणले, जरा वरच्या दर्जाचे. घरी येऊन एक एक जोडून पाहिला. चारही मुके. मोबाईलमधून नुसती बारीक शिटीसारखी चाचणी लावून पाहिली, तरी काही नाही. माझं डोकं सरकलं. भर दुपारी पिशवी उचलून दुकानात गेलो आणि चारही ट्विटर काउंटरवर आपटले.

म्हटलं, “चारही मेलेले दिले भाऊ. एक समजू शकतो, पण चार?”

तो म्हणाला, “ऐसा होता नहीं भाऊ. लगाके देखते.”

दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती. त्यानं पहिला ट्विटर वायरीला लावला आणि मोबाईलवर तीच शिटी सुरू केली. मी त्याच्याकडे जिंकल्यासारखा पाहत होतो. काहीच वाजलं नव्हतं. मी म्हणणारच होतो, की पाहा, आणि मला दिसलं की त्याचे डोळे बारीक झाले आहेत. बाजूच्या बाईनं पदर कानाला लावला. माईक पाहायला आलेल्या माणसानं दात दाबून मान फिरवली. बाहेर पायरीवर बसलेला एक जण मागे वळून आत पाहायला लागला. अख्ख्या दुकानात सगळ्यांना काहीतरी होत होतं, आणि मला काहीच होत नव्हतं.

“बंद करो जी,” ती बाई म्हणाली. मी तिच्या ओठांवरून वाचलं.

मालकानं बंद केलं. दुसरा लावला, तिसरा लावला, पण या वेळी क्षणभरच, आणि तो ट्विटरकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होता. चौथा त्यानं लावलाच नाही. चारही पुन्हा पिशवीत भरले आणि माझ्याकडे सरकवले.

“ट्विटर ठीक है भाऊ,” तो म्हणाला. मग मराठीत म्हणाला, “एकदा कान दाखवून घ्या.”

त्याच्या जागी मी असतो तर चारचौघांत म्हणालो असतो, नाचता येईना अंगण वाकडं. तो म्हणाला नाही. त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

पायी घरी आलो. वाटेत मला एक एक आठवत गेलं. कुकरची शिटी मला कधीपासून ऐकू येत नव्हती, मी वाफ पाहून गॅस बंद करायचो. सकाळी पडक्या भिंतीवर चिमण्या यायच्या, चोची उघडायच्या, आणि मला वाटायचं, हल्ली चिमण्या गप्प झाल्या. पाठ फिरवून बोलणारे पुटपुटतात, समोरचे नीट बोलतात. अरे, समोरच्यांचे मी ओठ वाचत होतो. तीस वर्षांची सवय, इतकी हाडात मुरलेली की आपण ऐकतो आहोत की वाचतो आहोत हेच मला कळत नव्हतं. शेडनं कान खाल्ले आणि शेडनंच ते लपवायची विद्या शिकवली. आणि माझ्या कानांतलं जे जे गेलं ते ते मी स्पीकरमध्ये भरत गेलो होतो. रेझिस्टन्स काढ, कंडेन्सर वाढव, ट्विटर दुप्पट कर. ते दोन खोके मी काटोलला नेऊन दोन वर्षांच्या पोरीच्या घरात ठेवले होते.

सरकारी दवाखान्यात कान तपासतात. एका लहान बंद खोलीत बसवतात, डोक्याला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबलं. मग बराच वेळ काही आलंच नाही. मी बटणावर अंगठा ठेवून बसून राहिलो. काचेपलीकडे कान तपासणारी मुलगी काम करत होती, म्हणजे आवाज सुरू होते. बायको गेल्यानंतर मी बरेच एकटे दिवस काढले आहेत, पण त्या खोलीतल्या पाच-सात मिनिटांइतका एकटा मी कधीच नव्हतो.

बाहेर आल्यावर तिनं कागद दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग विहिरीत पडल्यासारखी खाली. ती काहीतरी बोलली. तिच्या तोंडावर मास्क होता. मी म्हटलं, “बाई, मास्क काढून बोला. मले ओठ दिसले पाहिजेत.” हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. तिनं मास्क खाली केला आणि विचारलं, “कुठं काम करत होते, काका?” मी म्हटलं, लूमवर. तिनं पुढे काही विचारलं नाही. कानाचं मशीन मिळू शकतं म्हणाली, नाव लिहून घेतलं. नंबर अजून लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत पेचकस, वायरींना डाग द्यायची सोल्डरची कावी, जुन्या मापाचे कंडेन्सर आणि दोन फिरवायची बटणं टाकली. ही बटणं ट्विटरच्या वाटेत लावली की त्याचा आवाज हवा तेवढा कमी करता येतो. काटोलची बस पकडली. या वेळी कळवून गेलो, म्हणजे फोन करून मीच बोललो, “मी येऊन राहिलो,” आणि ती काय म्हणाली ते न कळताच ठेवला.

ती दारात उभी होती. मी आत गेलो. खोके तिथेच होते, चादर तीच. मी म्हटलं, “बस माझ्यासमोर. अन् माझ्याकडे पाहून बोल. हे काहून झाकले होते?”

ती माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, “बाबा, कान दुखायचे. लावला की सुया टोचल्यासारखं होत होतं. पोरगी रडायची, कानात बोटं घालायची. हे म्हणाले, काढून ठेवू. मी म्हटलं, नाही, बाबांनी एवढ्या मेहनतीनं केलं, राहू दे घरात.”

“मग मले काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं ना बाबा.”

“कधी?”

“फोनवर. तीनदा सांगितलं. तुम्ही हो हो म्हणाले. मग तुम्ही आले, चादर पाहिली, अन् चहा पिऊन निघून गेले. मले वाटलं, मी सांगितलं म्हणून तुम्हाले राग आला. मग मी पुन्हा बोललेच नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “दीड वर्ष मी रोज म्हणून राहिले, बाबा, चुकलं माझं, या. तुम्ही म्हणायचे, पाहू.”

मला वाटायचं ती नुसतं या म्हणते. चुकलं माझं हे मी एकदाही ऐकलं नव्हतं. ज्या पोरीची काही चूक नव्हती, तिच्याकडून मी दीड वर्ष रोज माफी मागवली होती आणि वर पाहू म्हणालो होतो. मी खिशातून तो दवाखान्याचा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. ती नर्स आहे, तिला रेघ वाचता येते. तिनं एकदाच पाहिला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मग मी चादर काढली. घड्या घातलेले कपडे तिनं उचलले. मी खोके उघडले, जास्तीचे ट्विटर काढले, जुन्या मापाचे कंडेन्सर लावले, बटणं जोडली. सुताचं वेस्ट आत तसंच होतं, ते राहू दिलं. गाणं लावलं. तिच्या आईच्या आवडीचं, एक बाई गाते, मागे बासरी आहे. तिला म्हटलं, “तू तिथं उभी राह्य. मले काही सांगता येत नाही. तूच सांग.”

मी एका हातानं बटण कमी करायला लागलो आणि तिच्याकडे पाहत राहिलो. आधी तिच्या कपाळाला आठ्या होत्या. मी फिरवत गेलो. माझ्यासाठी आधी बासरी गेली. मग शब्दांची टोकं गेली, मग शब्दच गेले. बाई कुठेतरी भिंतीपलीकडे गेल्यासारखी झाली, आणि शेवटी माझ्याजवळ नुसता डग्ग्याचा धप् धप् राहिला. तिच्या आठ्या तोपर्यंत गेल्या होत्या. नात आतल्या खोलीतून बाहेर आली होती आणि आईच्या ओढणीला धरून उभी होती, कानात बोटं न घालता. तरी मला राहवत नव्हतं, बोटं बटणावरून निघत नव्हती, वाटत होतं थोडं वाढवावं, एवढं कमी बरोबर नसेल.

मुलीनं तळहात उचलला आणि छातीवर आडवा ठेवला.

मी हात काढला. बटणावर गोंदाचा एक थेंब टाकला, म्हणजे पुन्हा फिरवायचा मोह मलाच होऊ नये. दुसऱ्या खोक्याचंही तसंच केलं आणि झाकणं बसवली. ती खाली बसली, भिंतीला टेकून, नातीला मांडीवर घेऊन, आणि गाण्यासोबत गुणगुणायला लागली. तिचं मला काही ऐकू येत नव्हतं. मी तिच्यासमोर बसलो आणि तिच्या ओठांवरून पूर्ण गाणं वाचलं.